उजवीकडे मीखाएल, डावीकडे गब्रीएल : लोद ते त्स्फात

ज्यू आणि इस्लामी परंपरेतल्या प्रमुख देवदूतांविषयी मी बरीच वर्षे वाचत होते. मीखाएल, गब्रीएल, रफाएल आणि उरीएल ही एका बाजूची नावे, तर जिब्रील, मिकाईल, इस्राफील आणि इज्राईल ही दुसऱ्या बाजूची. त्यांची मंदिरे नाहीत, मूर्ती नाहीत आणि त्यांना नैवेद्यही नाही, त्यामुळे त्यांचा माग काढायला कुठे जायचे, हा प्रश्न होता. शेवटी 2019 ची दिवाळी आटोपल्यावर धाकट्या बहिणीला सोबत घेऊन इस्रायल-पॅलेस्टाइनकडे निघाले. हा प्रवास तिथल्या युद्धाच्या आधीचा आहे, त्यामुळे वाटा, वेळा आणि परवानग्या यांविषयी मी जे लिहिले आहे, ते जाण्यापूर्वी नव्याने तपासून घ्यावे.

शुक्रवार आणि शनिवार : लोद

विमानतळावरून लोद जवळच असल्यामुळे पहिला मुक्काम तिथे ठेवला होता. शुक्रवारी दुपारनंतर देशातल्या बहुतेक बस आणि ट्रेन बंद होतात, त्यामुळे त्या दिवशी विमानतळाहून लांब जायचा बेत कोणी करू नये. लोदमध्ये बेने इस्रायल समाजाची, म्हणजे कोकणातून गेलेल्या मराठी ज्यूंची, जुनी वस्ती आहे. आमच्या यजमान मावशी साठच्या दशकात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लग्न होऊन इथे आल्या. दार उघडल्यावर त्यांनी आधी बहिणीच्या पिशवीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पोहे जाडे आणलेस ना गो? इथले पाण्यात घातले की लगदा होतो."

सूर्यास्तापूर्वी दिवे लागले. पांढऱ्या कापडाखाली दोन पाव झाकून ठेवले होते. वाइनच्या जागी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेले सरबत होते. ही बेने इस्रायलांची जुनी रीत. नारळाच्या दुधातली माशांची आमटी शेगडीवर नव्हे, तर विजेच्या तापत्या पत्र्यावर होती, कारण एकदा दिवे लागले की रांधणे बंद. मग सगळे उभे राहिले आणि "शालोम आलेखेम" हे गीत सुरू झाले. या गीतात घरी आलेल्या देवदूतांचे स्वागत आहे. चार कडवी, प्रत्येक तीनदा. पहिल्यात शांती असो म्हणायचे, दुसऱ्यात आत या, तिसऱ्यात आम्हांला आशीर्वाद द्या आणि चौथ्यात सुखाने जा.

हे देवदूत कोण, असे विचारल्यावर मावशींनी तालमूदमधली, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथातली, गोष्ट आपल्या आगरी वळणाच्या मराठीत सांगितली. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. त्या संध्याकाळी माणूस सभास्थानातून घरी निघतो, तेव्हा दोन दूत त्याच्याबरोबर चालत येतात, एक चांगला आणि एक वाईट. घरात दिवा लागलेला, ताट मांडलेले आणि अंथरूण नीट घातलेले असेल, तर चांगला दूत म्हणतो, पुढच्या शब्बाथलाही असेच असो, आणि वाइटाला मनाविरुद्ध आमेन म्हणावे लागते. घर अस्ताव्यस्त असेल, तर बोलणारा वाईट दूत असतो आणि आमेन चांगल्याच्या वाट्याला येते. "म्हणून शुक्रवारी माझी धावपळ," असे सांगून मावशींनी सुनेकडे पाहिले आणि सून हसली.

या गीताच्या तिसऱ्या कडव्यावर काही मोठ्या रब्बींचा आक्षेप आहे, आणि या प्रवासात पुढे जे जे पाहिले, त्याची किल्ली मला त्यातच सापडली. आशीर्वाद देवाकडे मागायचा, दूताकडे कसा मागायचा? बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू तत्त्वज्ञाने श्रद्धेची जी तेरा तत्त्वे मांडली, त्यांतले पाचवे तत्त्व हेच सांगते की उपासना केवळ देवाची करावी, त्याच्या आणि आपल्यामध्ये देवदूतांनाही मध्यस्थ करू नये. देवदूतांच्या दहा श्रेणी लावणाराही तोच. म्हणजे दूत आहेत, त्यांच्यात मोठे-धाकटे आहेत, प्रत्येकाची नेमणूक ठरलेली आहे, पण अर्ज त्यांच्याकडे करायचा नाही.

रात्री मावशींचा नातू झोपण्यापूर्वीची प्रार्थना म्हणत होता. पलंगावर बसून त्याने हाताने एकेक दिशा दाखवली : उजवीकडे मीखाएल, डावीकडे गब्रीएल, पुढे उरीएल, मागे रफाएल. मग तळहात डोक्यावर ठेवून त्याने देवाच्या सान्निध्याचे, शेखिनाचे नाव घेतले. आपल्याकडच्या कवचस्तोत्रांत एकेक अवयव देवाच्या हवाली केला जातो, त्याची मला लगेच आठवण झाली. पण इथे चार बाजूंना चाकर उभे आहेत आणि धनी फक्त वर आहे. मीखाएल इस्रायलचा कैवारी, गब्रीएल बळाचा आणि न्यायाचा, रफाएल बरे करणारा, उरीएल उजेडाचा, अशी वाटणी. मीखाएल बर्फाचा आणि गब्रीएल अग्नीचा असून दोघे शेजारी उभे राहिले तरी एकमेकांना अपाय करत नाहीत, असेही एक जुने मिद्राश, म्हणजे बायबलवरचे कथारूप भाष्य, सांगते.

शनिवारी चांदण्या दिसल्यावर शब्बाथ संपला आणि मलिद्याची तयारी सुरू झाली. आमचे पोहे भिजवून त्यांत ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा घातला, भोवती पाच प्रकारची फळे मांडली आणि मध्ये गुलाब ठेवला. हे ताट एलियाहू हनाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाहूच्या, नावाचे असते. बायबलनुसार एलियाहूला मरण आलेच नाही, अग्निरथ त्याला स्वर्गात घेऊन गेला. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे आणि त्या जागेला ते "एलियाहू हनाबीचा टापा" म्हणतात. जगभरचे ज्यू शब्बाथ संपताना एलियाहूचे गीत गातात, पण त्याच्यासाठी पोह्यांचे ताट मांडतात ते कोकणातून गेलेलेच.

एलियाहू माणूस की देवदूत, यावर मावशींच्या घरात वाद झाला. तालमूदमधल्या एका हिशेबात त्याची गणना थेट दूतांबरोबर केली आहे. मीखाएल आपल्या जागी एका झेपेत पोहोचतो, गब्रीएल दोन झेपांत, एलियाहू चार झेपांत आणि मृत्युदूत आठ झेपांत. साथीच्या दिवसांत मात्र मृत्युदूतालाही एकच झेप पुरते. हा हिशेब सांगणाऱ्या मावशींच्या मुलाने शेवटचे वाक्य उच्चारताच मावशींनी "शब्बाथ उतरताना नको ते बोलू नकोस" म्हणून त्याला गप्प केले.

रविवार : जेरुसलेम

सकाळी सातच्या आत मुघ्राबी दरवाज्याच्या रांगेत होतो. हरम अश-शरीफच्या, म्हणजेच टेंपल माउंटच्या पटांगणात मुस्लिमेतरांना याच एका दरवाज्याने सोडतात, तेही रविवार ते गुरुवार, सकाळचे काही तास आणि दुपारी तासभर. मुस्लिम सणांच्या दिवशी ते बंद राहते. अंगभर कपडे हवेत, कोणत्याही धर्माची पोथी किंवा चिन्ह जवळ नको, आणि आत ओठ हलवून प्रार्थना करताना दिसलात तर बाहेर काढतात. पासपोर्ट बरोबर ठेवावा. वाटेवर मुख्य रब्बींच्या कार्यालयाची पाटी आहे. जागेच्या पावित्र्यामुळे ज्यूंनी इथे पाऊल ठेवू नये, असे ती सांगते.

वर पोहोचल्यावर पहिली जाणीव होते ती मोकळेपणाची. सुरूची झाडे, ऑलिव्हची झाडे, दगडी जोती, चेंडू खेळणारी मुले, आणि मध्ये निळ्या फरशांचा, सोनेरी घुमटाचा कुब्बत अस-सख्रा, म्हणजे खडकावरचा घुमट. खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात, 691-92 च्या सुमारास, तो पूर्ण झाला. आत जायची परवानगी आम्हांला नव्हती. आतल्या मोझेकमध्ये सुमारे 240 मीटर लांबीचा लेख फिरतो आणि त्यात कुराणातले एक वाक्य आहे : देवाचा सेवक म्हणवून घेण्यात मसीहाला कधी कमीपणा वाटणार नाही आणि देवाच्या सन्निध असलेल्या दूतांनाही वाटणार नाही. लोदच्या त्या तिसऱ्या कडव्यावरचा आक्षेप आणि हे वाक्य एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात. दूत कितीही थोर असला तरी तो चाकरच.

इस्लाममध्ये देवदूतांवरचा विश्वास हा श्रद्धेचा एक स्तंभच मानला जातो. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची परंपरा, सांगते की दूत प्रकाशापासून घडले. आज्ञा मोडण्याची वृत्तीच त्यांच्यात नाही, म्हणून ज्याने आज्ञा मोडली त्या इब्लीसला कुराण जिन्नांत गणते. या सर्वांत जिब्रीलचे स्थान वेगळे आहे, कारण संदेश आणण्याचे काम त्याच्याकडे आहे. मक्केजवळच्या हिराच्या गुहेत पैगंबरांना "वाच" म्हणणारा तोच. कधी तो सहाशे पंखांनिशी क्षितिज व्यापून उभा राहतो, तर कधी पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला, काळ्याभोर केसांचा, प्रवासाची एकही खूण अंगावर नसलेला अनोळखी माणूस होऊन पैगंबरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि श्रद्धा म्हणजे काय, असे विचारतो.

आम्ही उभ्या होतो त्या जागेशी जिब्रीलचे नाते मेराजच्या, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या, रात्रीचे आहे. पैगंबरांना बुराक या दिव्य वाहनावर बसवून तो मक्केहून इथे घेऊन आला आणि इथूनच त्यांना सात आकाशांपलीकडे नेले. पैगंबर वर जाऊ लागले तेव्हा खालचा खडकही त्यांच्यामागे उठू लागला आणि जिब्रीलने हाताने दाबून त्याला जागेवर ठेवले. त्याच्या बोटांचे ठसे म्हणून खडकावरच्या खुणा आत दाखवतात. वरच्या सीमेवरच्या बोरीच्या झाडापाशी मात्र जिब्रील थांबला. बोटभर पुढे गेलो तर पंख जळतील, असे तो म्हणाल्याचे सुफी आवडीने सांगतात. जिथे दूताची हद्द संपते, तिथून माणूस पुढे जातो. घुमटाच्या वायव्येला स्वर्गारोहणाचा घुमट आणि पैगंबराचा घुमट अशा दोन लहान वास्तू आहेत. घाईतले प्रवासी तिकडे वळत नाहीत, पण वळावे. परिसरातल्या एका घुमटाला जिब्रीलचे नाव असल्याची नोंद मध्ययुगीन प्रवाशांनी केली आहे.

कयामतच्या दिवशी इस्राफील याच खडकावर उभा राहून तुतारी फुंकील, असे अनेक भाष्यकार सांगतात. त्याचे नाव कुराणात नाही, ते परंपरेने दिले. कुराणात नावानिशी येतात ते मुख्यतः जिब्रील आणि मिकाईल. पाऊस आणि अन्न यांची व्यवस्था मिकाईलकडे असते. आम्ही गेलो तेव्हा पावसाची वाट पाहणेच चालू होते. नोव्हेंबर लागला तरी ऊन कडक होते, आणि ज्यू पंचांगाच्या हेश्वान महिन्याच्या सात तारखेपासून तिथे रोजच्या प्रार्थनेत पावसाची मागणी सुरू होते, तो दिवस त्याच आठवड्यात होता.

जिब्रील आणि मिकाईल ही नावे ज्या आयतीत शेजारी शेजारी येतात, तिच्यामागची गोष्ट भाष्यकार अशी देतात. मदिनेतल्या काही ज्यूंनी पैगंबरांना विचारले की तुमच्याकडे संदेश कोण आणतो. जिब्रील, असे उत्तर मिळताच ते म्हणाले की तो तर युद्ध आणि शिक्षा आणणारा, आमचा वैरी. मिकाईल आणत असता तर आम्ही मागून आलो असतो. त्यावर आयत उतरली की जिब्रीलचा वैरी तो देवाचा वैरी. गोष्ट मुस्लिम बाजूने सांगितलेली आहे हे लक्षात ठेवले तरी तिच्यातला तपशील खरा वाटतो, कारण ज्यू परंपरेत मीखाएल खरोखरच इस्रायलचा सरदार आहे आणि गब्रीएल आगीचा. दोन्ही बाजूंना दूत तेच आहेत, फक्त मानाची जागा बदलली आहे.

दुपारी जुन्या शहरात तिळाचा लांबट काक हा पाव आणि झातर हा मसाला घेतला. झातर कागदाच्या पुडीत वेगळे मिळते, ते मागून घ्यावे लागते. मग पश्चिम भिंतीपाशी स्त्रियांच्या बाजूला जाऊन बसलो. मुसलमान याच भिंतीला बुराकची भिंत म्हणतात. आमच्या पुढे एक तरुणी छोटे पुस्तक चेहऱ्याजवळ धरून उभी होती. तिच्या पायांत खेळाचे बूट होते आणि टाचा व चवडे एकमेकांना घट्ट चिकटवलेले होते. यहेज्केल या संदेष्ट्याने पाहिलेल्या दिव्य प्राण्यांचे पाय सरळ, जणू एकच पाय असल्यासारखे होते, म्हणून या प्रार्थनेत पाय जुळवून उभे राहायचे असा तालमूदचा दंडक आहे. पलीकडून पुरुषांच्या बाजूने "कादोश, कादोश, कादोश" असा घोष आला आणि ती मुलगी तीनदा चवड्यांवर उचलली गेली. पवित्र, पवित्र, पवित्र हा संदेष्टा यशायाने मंदिरात ऐकलेला सेराफीम दूतांचा जयघोष आहे. दूतांची प्रार्थना करायची नाही, पण दूतांसारखी करायची.

सोमवार : हेब्रोन

दमास्कस दरवाज्याजवळून बेथलेहेमची बस आणि तिथून सामायिक टॅक्सी. परत येताना तपासणीनाक्यावर वेळ जातो, म्हणून सकाळी लवकर निघावे. शुक्रवारी मशिदीची बाजू आणि शनिवारी सभास्थानाची बाजू पाहुण्यांना बंद असते.

हेब्रोनला जाण्याचे कारण म्हणजे पाहुणचार. अब्राहाम तंबूच्या दाराशी भर दुपारी बसला होता, तेव्हा तीन अनोळखी माणसे आली, ही कथा दोन्ही धर्मांत आहे. तालमूद त्यांची नावे आणि कामे सांगतो : मीखाएल साराला मुलाची बातमी द्यायला आला, रफाएल अब्राहामची सुंतेची जखम बरी करायला आणि गब्रीएल सदोम उलथवायला. एक दूत दोन कामे करत नाही, म्हणून तिघे पाठवावे लागले. कुराण नावे देत नाही, पण अनेक भाष्यकार जिब्रील, मिकाईल आणि इस्राफील अशी देतात.

खरा फरक जेवणात आहे. तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, अब्राहाम लोणी, दूध आणि वासराचे मांस वाढतो आणि पाहुणे जेवतात. कुराणातल्या इब्राहीमने भाजलेले वासरू पुढे ठेवले, पण पाहुण्यांचे हात ताटाकडे जाईनात. तेव्हा तो मनातून घाबरला, कारण अन्नाला न शिवणारा पाहुणा वैरी असू शकतो. दूतांना भूक नसते हे इस्लामने सरळच सांगितले. रब्बींपुढे मात्र तोराचे शब्द होते, म्हणून ते म्हणाले की दूतांनी जेवल्यासारखे केले, आणि त्यावरून शिष्टाचार काढला : मोशे वर गेला तेव्हा त्याने चाळीस दिवस भाकरी खाल्ली नाही आणि दूत खाली आले तेव्हा त्यांनी खाल्ली, देश तसा वेश.

आमचा वाटाड्या पूर्वी शाळामास्तर होता. मशिदीच्या दाराशी आम्हांला टोपीचे, पायघोळ झगे घालायला दिले. हेरोद राजाच्या काळातल्या प्रचंड दगडी भिंतींच्या आत इसहाक आणि रिबका यांच्या समाध्या मशिदीच्या भागात आहेत, याकोब आणि लेआ यांच्या ज्यूंच्या भागात, आणि अब्राहामची समाधी दोन्हीकडून जाळीतून दिसते. फेब्रुवारी 1994 मध्ये इथे नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घालून मारले गेले, त्यानंतर वास्तू विभागली गेली. वर्षातले दहा दिवस संपूर्ण वास्तू एका धर्माची आणि दहा दिवस दुसऱ्याची असते. मास्तर हे सांगताना आवाज न बदलता बोलले. खालची गुहा अब्राहामला सापडली तीही या पाहुण्यांमुळेच, असे एक ज्यू कथा म्हणते : त्यांच्यासाठी पकडलेले वासरू पळाले आणि गुहेत शिरले, त्याच्यामागे अब्राहाम आत गेला तर तिथे आदाम आणि हव्वा निजलेले, दिवे जळत असलेले.

मशिदीशेजारी इब्राहीमच्या नावाने मोफत जेवण देणारी तकिया आहे. 1047 मध्ये आलेल्या नासिर खुस्रो या इराणी प्रवाशाने लिहून ठेवले आहे की इथे प्रत्येक पाहुण्याला एक भाकरी, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या मसुरीचा वाडगा आणि मनुका मिळतात. आज लोक पातेली आणि डबे घेऊन येतात. आम्ही बाजारात किद्रा खाल्ला. तांदूळ, मेंढीचे मांस, हरभरे आणि सोललेल्या लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तांब्याच्या हंड्यात घालून तोंड बंद करतात आणि हंडा लाकडाच्या भट्टीत सरकवतात. आमच्यासमोर झाकण काढले तेव्हा वरच्या भाताचे कण तुपात चमकत होते आणि लसूण बोटाने दाबल्यावर लोण्यासारखा पसरत होता. बहीण मांस खात नाही. मालकाने तिच्यासाठी न विचारता दही, ऑलिव्ह आणि भाकरी आणून ठेवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तोच मालक थोड्या वेळाने कोपऱ्यात चटई पसरून नमाजाला बसला. शेवटी त्याने मान उजवीकडे वळवून सलाम केला, मग डावीकडे. मास्तर म्हणाले की दोन खांद्यांवरच्या दोन लेखनिकांनाही तो सलाम पोहोचतो. कुराणात त्यांना सन्माननीय लेखनिक म्हटले आहे. उजवीकडचा सत्कृत्ये लिहितो, डावीकडचा पापे, आणि माणूस पस्तावेल या आशेने डावीकडचा लेखणी टेकवण्यापूर्वी काही काळ थांबतो. मावशींच्या दारातल्या दोघांशी यांचे नाते जवळचे आहे, पण तिथल्या वाईट दूताला कुरकुरत आमेन म्हणावे लागते आणि इथला आपणहून सवलत देतो. मला इथला अधिक आवडला.

मंगळवार : नबी मुसा आणि संग्रहालय

जेरुसलेमहून जेरिकोच्या वाटेवर, मुख्य रस्ता सोडून थोडे आत, उघड्या वाळवंटी टेकड्यांत नबी मुसाचा, म्हणजे मोशेचा, दर्गा आहे. बस आत जात नाही, टॅक्सी ठरवून थांबवून ठेवावी आणि पाणी बरोबर न्यावे. 1269 मध्ये सुलतान बैबर्सने ही वास्तू बांधली. तोरानुसार मोशेची कबर कोणालाच ठाऊक नाही, पण मुसलमानांच्या श्रद्धेने ती इथे आहे.

मृत्युदूताच्या गोष्टी ऐकायला याहून योग्य जागा नसेल. कुराण त्याला फक्त मृत्यूचा दूत म्हणते, इज्राईल हे नाव नंतरचे. हदीसनुसार तो मुसाकडे आला तेव्हा मुसाने त्याला अशी चपराक दिली की त्याचा डोळाच गेला. दूत देवाकडे परतून म्हणाला, मरू न इच्छिणाऱ्या माणसाकडे तू मला पाठवलेस. देवाने डोळा परत दिला आणि निरोप धाडला : बैलाच्या पाठीवर हात ठेव, हाताखाली जितके केस येतील तितकी वर्षे तुझी. मुसाने विचारले, आणि त्यानंतर? त्यानंतर मृत्यूच. मग आत्ताच येऊ दे, असे म्हणून त्याने पवित्र भूमीपासून दगड फेकण्याच्या अंतरावर मरण मागितले.

ज्यू मिद्राशमधला मोशेही इतकाच हट्टी आहे. त्याचा प्राण आणायला देवाने गब्रीएलला सांगितले, त्याने असमर्थता दाखवली. मीखाएलनेही तेच केले. मृत्युदूत समाएल मात्र आनंदाने तलवार घेऊन निघाला आणि मोशेने देवाचे नाव कोरलेल्या काठीने त्याला पळवून लावले. अखेर देवानेच चुंबन घेऊन तो प्राण नेला. दोन्ही कथांत आज्ञेचा ताबेदार दूत एका म्हाताऱ्या माणसापुढे हतबल होतो. दर्ग्याच्या अंगणात एक आजोबा कट्ट्यावर सावली बघून बसले होते. मी टॅक्सीवाल्यामार्फत त्यांना मुसाच्या चपराकीबद्दल विचारले, तर त्यांनी उत्तर न देता हवेत हात फिरवून ती करूनच दाखवली.

मंगळवारी इस्रायल म्युझियम दुपारी चारला उघडून रात्री नऊपर्यंत चालू असते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका दिवसात बसतात. मृत समुद्राच्या गुंडाळ्या, म्हणजे त्या समुद्राजवळ सापडलेली प्राचीन ज्यू हस्तलिखिते, तिथेच आहेत. त्यांतल्या युद्धाच्या गुंडाळीत अंतिम लढाईच्या बुरुजांच्या ढालींवर मीखाएल, गब्रीएल, सारीएल आणि रफाएल अशी नावे लिहायची सूचना आहे. नातवाच्या प्रार्थनेतल्या उरीएलच्या जागी इथे सारीएल. चार जागा पक्क्या, पण चौथ्यावर अजून कोण हे ठरायचे होते. हिब्रू बायबलमध्ये मीखाएल आणि गब्रीएल फक्त दानीएलच्या पुस्तकात येतात, आणि दूतांची नावे बाबेलहून आमच्याबरोबर आली, असे जेरुसलेमच्या तालमूदमध्ये प्रांजळपणे नोंदवले आहे. वरच्या दालनात बाळंतिणीच्या खोलीत लावायचे ताईत आहेत. बाळाच्या जिवावर उठणाऱ्या लिलिथ या राक्षसिणीला दूर ठेवण्यासाठी सान्वी, सान्सान्वी आणि सेमांगलाफ या तीन दूतांची नावे अशा ताइतांवर लिहीत. मायमोनिडीजला हे मुळीच मान्य झाले नसते. पण ज्या घरात बाळ जन्मले आहे तिथे तत्त्वज्ञाचे कोण ऐकतो?

बुधवार : त्स्फात

उत्तरेकडचे त्स्फात सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. जेरुसलेममध्ये घाम पुसत होतो आणि इथे बसमधून उतरताच शाली काढाव्या लागल्या. जुन्या वस्तीत उतरत्या पायऱ्या, निळी दारे आणि मेंढीच्या दुधाचे खारट चीज. पायांत घट्ट बूट हवेत, दगड गुळगुळीत झाले आहेत.

स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या पिढ्यांनी सोळाव्या शतकात या गावाला गूढविद्येचे केंद्र केले. योसेफ कारो (1488-1575) इथे राहिला आणि 1563 मध्ये त्याने इथेच "शुल्हान आरुख" हा धर्मनियमांचा ग्रंथ पुरा केला. आजही ज्यूंच्या रोजच्या आचाराला तोच प्रमाण आहे. एवढ्या काटेकोर कायदेपंडिताच्या तोंडून रात्री एक दिव्य आवाज बोलत असे. त्या मार्गदर्शकाला मग्गीद म्हणतात आणि त्याची वचने कारोने लिहून ठेवली आहेत. त्यांत गूढ उपदेश आहे, तसाच खाण्यापिण्यात संयम राख, असा रागही आहे. चीजच्या दुकानात तिसरा तुकडा चाखताना बहिणीने मला त्या मग्गीदची आठवण करून दिली.

दफनभूमीच्या वर आरीचे, म्हणजे इसहाक लुरियाचे (1534-1572), सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या ज्यूंच्या परंपरेचे, सभास्थान आहे. आतल्या एका छोट्या कोनाड्यासारख्या खोलीत आरी एलियाहूकडून विद्या घेत असे, असे सांगतात. कब्बाला ही ज्यू गूढविद्या मानते की स्वर्गात गेल्यावर एलियाहू सांदाल्फोन नावाचा दूत झाला. तालमूदमधला सांदाल्फोन एवढा उंच आहे की पाय पृथ्वीवर आणि डोके दिव्य प्राण्यांपर्यंत; तो देवासाठी मुकुट गुंफतो, आणि पुढच्या परंपरेने ते मुकुट माणसांच्या प्रार्थनांचे असल्याचे सांगितले. तिथली राखण करणाऱ्या वृद्धाला इंग्रजी चांगले येत होते. आमच्या अलिबागजवळ एलियाहूच्या रथाची खूण आहे, असे मी म्हणाले तेव्हा त्याने दोनदा विचारून गावाचे नाव वहीत लिहून घेतले.

मग त्यानेच मेटाट्रोनची गोष्ट काढली. हनोख हा आणखी एक माणूस, जो देवाबरोबर चालला आणि दिसेनासा झाला. परंपरेने त्याचा मेटाट्रोन हा सर्वांत वरचा दूत झाला. मुसलमान हनोखलाच इद्रीस म्हणतात. स्वर्गात कोणी बसत नाही, पण इस्रायलची पुण्ये लिहायची म्हणून मेटाट्रोनला बसायची परवानगी होती. एलिशा बेन अबुया नावाचा विद्वान ध्यानात तिथवर पोहोचला, त्याने दूताला बसलेले पाहिले आणि त्याला वाटले, देव दोन आहेत की काय! तो कायमचा धर्मभ्रष्ट झाला. मेटाट्रोनला बाहेर काढून अग्नीचे साठ फटके मारले, कारण विद्वानाला पाहून तो उठून उभा का राहिला नाही.

"सर्वांत मोठ्या दूताला फटके?" बहिणीने विचारले.

"मोठा होता म्हणूनच," म्हातारा म्हणाला, आणि आम्ही केव्हापासून उभ्याच आहोत हे लक्षात येऊन त्याने भिंतीकडचा बाक पुढे ओढला. "तुम्ही बसा. माणसांना परवानगी आहे."

त्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. दुपारी सभास्थान काही काळ बंद होते आणि जेरुसलेमच्या बस मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवावी; शक्य असेल तर एक रात्र त्स्फातमध्येच काढावी, कारण गुरुवारी रात्री गल्लीतल्या येमेनी स्त्रीच्या दुकानात जाखनून ही रात्रभर मंद आचेवर भाजायची रोटी तयार होऊ लागते आणि शुक्रवारी सकाळी त्याचा वास बसथांब्यापर्यंत येतो, असे त्या म्हाताऱ्याने आम्हांला दोनदा बजावून सांगितले.